विदर्भात नव्याने राहायला आलात? आसपासची भटकंती या क्रमाने करा

चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही बेळगावहून चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात आलो. तेव्हापासून दर उन्हाळ्यात बदल्या झाल्या की परराज्यातून आलेली एक-दोन जोडपी भेटतातच. बहुतेकांच्या चुकाही ठरलेल्या. पहिल्याच रविवारी परवाना न काढता ताडोब्याच्या गेटवर जायचं आणि परत यायचं. मे महिन्यात दुपारी बारा वाजता किल्ला चढायला घ्यायचा. फोनमधल्या नकाशावर रस्ता दिसला म्हणून पावसाळ्यात पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेत, गाडी घालायची. जागा निवडताना कोणी चुकत नाही, चुकतो तो क्रम. लांबचं आणि नावाजलेलं आधी बघायला धावतात, आणि घराजवळच्या तलावावर वर्ष झालं तरी गेलेले नसतात.

तुम्ही दोघंच आहात, गाव नवं आहे आणि हाताशी दुचाकी किंवा लहान गाडी आहे असं धरून हे लिहिते आहे.

१. पहिले पंधरा दिवस फक्त विचारपूस

या पंधरा दिवसांत कुठेही जायचं नाही. शेजारी, चहाच्या टपरीवरची मंडळी, गुराखी, पोलीस पाटील आणि वनरक्षक यांच्याशी ओळख करून घ्यायची. वनरक्षकाला इथे 'बीट गार्ड' म्हणतात. आपलं गाव त्यांच्या बीटात, म्हणजे त्यांच्याकडे सोपवलेल्या हद्दीत, येत असेल तर त्यांचा नंबर घेऊन ठेवा. आठवडी बाजाराचा दिवस ओळखी करायला सगळ्यात सोयीचा, कारण आसपासच्या दहा गावांची माणसं तिथे येतात.

"इथे बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलंत तर लोक ताडोबा नाहीतर देऊळ सांगतील. त्यापेक्षा नेमकं विचारा:

- कोणता रस्ता संध्याकाळनंतर गावातली माणसं टाळतात?
- गेल्या महिन्यात वाघ किंवा बिबट कुठे दिसला?
- कोणत्या नाल्यावर पाणी चढलं की रस्ता बंद होतो?
- तलावाची पाळ कुठून चढायची, आणि खोल पाणी कोणत्या बाजूला आहे?

आम्ही आलो त्या आठवड्यात गावामागच्या टेकडीवर फिरायला निघालो होतो. शेजारचे काकाजी अंगणातूनच म्हणाले, "तिकडं नका जाऊ जी, कालच पाऊल दिसलं." एवढंच बोलले आणि कामाला लागले. नव्या माणसाला हे सांगणं वाढवून सांगितल्यासारखं वाटतं. ते तसं नसतं. ब्रम्हपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात वाघाचा वावर अभयारण्याच्या हद्दीत थांबत नाही. शेताच्या धुऱ्यावर, गावाच्या वेशीवरही तो असतो. गावातला माणूस 'नका जाऊ' म्हणाला की त्या दिवशी तो बेत रद्द करायचा. कारण विचारत बसू नका.

तपासा: वनरक्षक, एक शेजारी आणि एक वाहन दुरुस्त करणारा, या तिघांचे नंबर फोनमध्ये आणि कागदावरही आहेत का? जंगलपट्ट्यात नेटवर्क जातं आणि बॅटरी संपते, त्यामुळे कागद हवाच.

२. ऋतू आधी, जागा नंतर

या टप्प्यावर सगळ्यात जास्त चुका होतात. आमच्या बेळगावकडे मे महिन्यात लोक आंबोलीला जातात. तीच सवय घेऊन इथे मे महिन्यात बाहेर पडलात तर उष्माघात होईल. म्हणून आधी वर्षाचं गणित समजून घ्या.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी.* भटकंतीचे खरे महिने हेच. तलावांवर पाहुणे पक्षी येतात, धानाची कापणी होऊन बांध्या मोकळ्या होतात आणि दुपारीही चालता येतं. पण पहाटेची थंडी हलक्यात घेऊ नका. नागपूर-गोंदियाकडे किमान तापमान १० अंशांच्या खाली जातं, आणि जंगल सफारीच्या उघड्या जिप्सीत ते आणखी बोचतं. स्वेटर, कानटोपी, हातमोजे लागतातच. झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटकंही याच दिवसांत गावोगावी रात्रभर चालतात. ती जरूर बघा. फक्त मध्यरात्री जंगलातल्या रस्त्याने दुचाकीवर परत येऊ नका. गावातल्या लोकांसोबत उजाडेपर्यंत थांबा, सगळे तसेच थांबतात.

*मार्च ते एप्रिलचा मध्य.* पळस फुललेला असतो, मोह गळत असतो. जंगल या दिवसांत देखणं असतं आणि धोक्याचंही. पहाटे माणसं मोहफुलं वेचायला जातात, त्याच झाडांखाली अस्वलही येतं. शिवाय फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचे दिवस सुरू होतात. कुठेही चूल पेटवू नका, विडी-सिगारेट तर नाहीच.

*एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनचा पहिला आठवडा.* ब्रम्हपुरी, चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्या वर जातो. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, एवढाच वेळ बाहेरचा. वाघ दिसायला हे दिवस चांगले, कारण प्राणी पाणवठ्यावर येतात. मात्र जिप्सीतली दुपारची फेरी नव्या माणसाने घेऊ नये. पहिला उन्हाळा अंगाला सवय व्हायला द्या.

*जूनचा मध्य ते सप्टेंबर.* पाऊस विजांसकट येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप फोनमध्ये घ्या, जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सूचना देतं. आभाळ गडगडायला लागलं की झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं. धबधबे बघायचे ते याच दिवसांत, पण डांबरी रस्त्याने पोचता येईल असेच.

*ऑक्टोबर.* ऊन दमट असतं, गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि धानात साप असतात. पायवाटांसाठी हा महिना सोडून द्या. जंगलाची गेटं मात्र याच महिन्यात उघडतात.

सावधान: काळ्या मातीचा कच्चा रस्ता पावसाची एक सर पडली की गाडीचा राहत नाही. पहिल्या जूनमध्ये वरोऱ्याकडे आम्ही जवळची वाट म्हणून पांदणीत शिरलो. शंभर पावलांत चाकं आणि मडगार्डच्या मधे चिखल घट्ट बसला. ना पुढे जाता येईना, ना मागे. शेतातून परतणाऱ्या दोघांनी काडीने माती खरवडून गाडी डांबरी सडकेवर आणून दिली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. तेव्हापासून एकच नियम: पावसाळ्यात डांबर संपलं की आपला रस्ता संपला.

३. सामान आणि कागदपत्रं

उन्हाळ्यात अर्ध्या दिवसासाठीही माणशी किमान तीन लिटर पाणी, पूर्ण दिवस असेल तर पाच. ओआरएसची पाकिटं. डोक्याला आणि कानांना बांधायला सुती दुपट्टा, टोपीपेक्षा तो चांगला. घोटा झाकणारे बूट, पूर्ण बाह्यांचे मातकट रंगाचे कपडे, टॉर्च, हातात काठी. अत्तर किंवा उग्र वासाचा स्प्रे लावून जंगलात, किल्ल्यावर जाऊ नका. आग्यामोहोळ खवळतं.

ओळखपत्र मूळ न्या, त्यावर जुन्या राज्याचा पत्ता असला तरी चालतो. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर नोंदणी, विमा आणि पीयूसीचे कागद सोबत हवेत, कारण वननाक्यांवर परक्या पासिंगच्या गाडीची चौकशी जास्त होते. आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ती गाडी इथे ठेवणार असाल तर महाराष्ट्राचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. बदलीच्या गडबडीत ही गोष्ट हमखास विसरली जाते.

पेट्रोल तालुक्याच्या गावातच भरा. स्टेपनी, जॅक, दुचाकी असेल तर पंक्चरचं सामान. सुटे पैसे ठेवा, कारण लहान गावात ऑनलाइन पैसे नेटवर्कवर अवलंबून असतात.

तपासा: निघण्याआधी कोणाला तरी तीन गोष्टी सांगितल्या का? कुठे जातो, कोणत्या रस्त्याने, आणि किती वाजेपर्यंत परत.

४. पहिली सहल: तुमच्या गावाचा तलाव

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, गावागावाला तलाव आहे. यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले. लहान असेल तर बोडी. परराज्यातून आलेली माणसं याला गावाचं पाणी समजून पुढे निघून जातात. थंडीतल्या एका सकाळी पाळीवर तासभर बसून बघा. कमळं, जांभळी पाणकोंबडी, पाणकावळे, नशीब असेल तर पट्टकादंबांचा थवा. गोंदियाकडे असाल तर धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी दिसू शकते. महाराष्ट्रात सारस मुख्यतः त्याच भागात उरले आहेत. जोडी दिसली तर लांबूनच बघा, घरटं असेल तर माघारी फिरा.

क्रम असा ठेवा. आदल्या संध्याकाळी तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांपैकी कोणाला तरी विचारून ठेवा. सकाळी उजेड पुरता झाला की निघा, अंधारात नाही. गाडी रस्त्यावरच ठेवा. पाळीवर मोकळ्या बाजूने चढा, झुडपातून नाही. साडेनऊपर्यंत परत या.

पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी नाही. तळाशी गाळ असतो, शिंगाड्याचे आणि कमळाचे वेल पायात अडकतात, जाळी लावलेली असतात. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहताना त्या शेवाळलेल्या दगडांवर उभं राहून फोटो काढू नका.

अशा तीन-चार सकाळी झाल्या की मोठ्या पाण्याकडे वळा. आमच्यासाठी तो घोडाझरी होता. तलाव टेकड्यांच्या कुशीत आहे आणि भोवतालच्या जंगलाला २०१८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे तिथे तलावापर्यंत जायचं, आजूबाजूच्या वाटांनी आत शिरायचं नाही. पवनीजवळच्या वैनगंगेवरचं गोसेखुर्द धरण, गोंदियातला नवेगावबांध, रामटेकजवळची खिंडसी हीसुद्धा याच टप्प्यातली ठिकाणं. गोसेखुर्दच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरू नका. त्याला ३३ दरवाजे आहेत आणि ते उघडले की पाणी फार वेगाने चढतं.

५. जंगल: फक्त गेटमधून

इथे आधी एक गोष्ट मनात पक्की करा. विदर्भात जंगलात पायी भटकण्याची हौस नव्या जोडप्यासाठी नाही. सह्याद्रीतल्या ट्रेकची सवय असेल तर ती घरी ठेवा. वाघाच्या भागात बसलेला किंवा वाकलेला माणूस जास्त धोक्यात असतो, मोह आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांवर हल्ले होतात त्यामागे हेही एक कारण आहे.

ताडोबा-अंधारीची पद्धत अशी:

*क. कोअर की बफर ते ठरवा.* कोअर म्हणजे आतला मुख्य भाग, बफर म्हणजे त्याच्या भोवतीचा पट्टा. कोअर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, बंद असतो. आठवड्यातून मंगळवारी सुट्टी असते. बफरची काही गेटं पावसाळ्यातही चालू असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बफरची फेरी घ्यावी असं माझं ठाम मत आहे. परवाना मिळायला सोपा, गर्दी कमी, आणि जंगल तेच.

*ख. गेट ठरवा, मग मुक्काम.* बहुतेकांचं इथेच चुकतं. मोहर्ली हे गेट चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा आणि नवेगाव ही चिमूरच्या बाजूला. आतून जवळ दिसली तरी बाहेरच्या रस्त्याने अंतर मोठं आहे. आम्हाला पहिल्या वेळी एका मुक्कामाच्या ठिकाणी "कोणतंही गेट चालेल, जवळच आहे" असं सांगितलं गेलं. परवाना कोलाऱ्याचा होता आणि खोली मोहर्लीत. पहाटेची फेरी हुकली, पैसे परत मिळाले नाहीत.

*ग. परवाना वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा.* नावं ओळखपत्रावर आहेत तशीच लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि ओळखपत्र जुन्या नावाचं असेल तर परवान्यावर जुनंच नाव टाका, नाहीतर गेटवर अडवतात. जिप्सी पूर्ण घ्यावी लागते, तिच्यात सहा पर्यटक बसतात. दोघांना खर्च जड वाटत असेल तर ओळखीच्या कुटुंबाला सोबत घ्या, पण त्यांची नावं सुरुवातीलाच परवान्यावर हवीत.

*घ. पाऊण तास आधी गेटवर पोचा.* मूळ ओळखपत्र दाखवा, गाइडची नेमणूक होईल. कोअरमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, तो गेटवर किंवा मुक्कामावर ठेवावा लागतो. फोटो काढायचे असतील तर कॅमेरा न्या. शौचाला जाऊन या, आत ठरलेल्या जागेशिवाय खाली उतरता येत नाही.

*ङ. आत गेल्यावर गप्प बसा.* वाघ दाखवा म्हणून चालकाच्या मागे लागू नका. गाड्या एकमेकांच्या पुढे घालण्याची धावपळ पर्यटकांच्या हट्टातून सुरू होते, आणि त्यात प्राण्याची वाट अडते. सांबराचा, वानरांचा इशारा ऐकू आला की गाइड स्वतःच थांबवतो. आम्हाला पहिल्या दोन फेऱ्यांत वाघ दिसला नाही. रानकुत्र्यांचा कळप दिसला, आणि बांबूच्या बेटातून निघालेला गवा जिप्सीपासून इतका जवळ होता की त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

ताडोब्याची तारीख मिळाली नाही तर वर्ष वाया घालवू नका. साकोलीजवळ नागझिरा, वर्ध्याकडे बोर, पांढरकवड्याजवळ टिपेश्वर आणि नागपूरहून सोयीचं उमरेड-पवनी-कऱ्हांडला आहे. तुमच्या गावाला जे जवळ असेल ते आधी.

सावधान: जंगलातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर दुचाकी थांबवू नका. सूर्य मावळायच्या आत तो पट्टा पार करा. उशीर झालाच तर जवळच्या गावात थांबा, किंवा चारचाकी गाडीच्या मागोमाग जा. वाघ रस्त्यात असेल तर लांबच थांबा, हॉर्न वाजवू नका, त्याला जाऊ द्या.

६. धबधबे, डोंगर, किल्ले

पहिलं वर्ष नीट पार पडलं की मग हे. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळचा हाजरा फॉल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरात असतो. रेल्वेमार्ग जवळून जातो आणि बोगदाही आहे. रुळांवरून चालत जाण्याचा जवळचा रस्ता कोणी सुचवला तर घेऊ नका.

अमरावतीकडे असाल तर चिखलदरा. उंची हजार मीटरच्या वर असल्याने उन्हाळ्यातही पहाट सुसह्य असते. पण घाटात पावसाळी धुकं दाट, त्यामुळे दुपारी चारनंतर घाट चढायला घेऊ नका. गाविलगड आणि अकोट तालुक्यातला नरनाळा हे दोन्ही किल्ले मेळघाटच्या जंगलाला लागून आहेत, प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क वन विभागाचे. कड्यावर, बुरुजांत मोहोळ लटकलेलं असतं. दिसलं की आवाज न करता मागे फिरा.

दक्षिण गडचिरोलीत जायचं असेल तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या आणि पावसाळा टाळा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो.

७. लोणार दोन दिवसांचं

लोणारचं उल्कापाताने झालेलं विवर आणि त्यातलं सरोवर बुलडाणा जिल्ह्यात आहे, आणि हा जिल्हा विदर्भाच्या पश्चिम टोकाला. आमच्यासारखे पूर्वेकडे राहणारे 'विदर्भातच तर आहे' म्हणून सकाळी निघून रात्री परत यायचा बेत करतात आणि सगळा दिवस गाडीतच जातो. एक मुक्काम धरा. संध्याकाळी पोचून गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा. विवरात उतरायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, कारण उतरणं सोपं आणि चढणं उन्हात. व्यास पावणेदोन किलोमीटरच्या पुढे आहे, त्यामुळे पूर्ण फेरी मारायचा हट्ट पहिल्या भेटीत नको. पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, पिऊ नका, त्यात उतरू नका. हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं, पाणथळ स्थळही. तिथला दगडही उचलून आणायचा नाही.

८. अडचण आली तर

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून बांधू नका. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ग्रामीण रुग्णालयात जा. साप मारून सोबत न्यायची गरज नसते. मांत्रिकाकडे नेऊ म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, गाडी सुरू करा.

उन्हाने चक्कर, उलटी, अंग तापलं आणि घाम थांबला, अशी लक्षणं दिसली की सावलीत झोपवा, ओल्या कापडाने अंग पुसा आणि दवाखाना गाठा. वन्यप्राण्याबद्दल वन विभागाचा १९२६, इतर मदतीसाठी ११२.

९. परतल्यावर

ज्यांना सांगून निघालात त्यांना पोचल्याचं सांगा. दोघांनी एकमेकांची मान, काखा, गुडघ्यामागचा भाग बघून घ्या, गोचीड तिथे लागते. मग वहीत चार ओळी लिहा: तारीख, रस्ता कसा होता, पाणी कुठे मिळालं, कोण भेटलं. आमच्या वहीत घोडाझरीच्या पानावर एका ढिवर काकांचं नाव आहे. आता आम्ही निघण्याआधी त्यांनाच फोन करतो, आणि पाळीवर पोचेपर्यंत त्यांनी चहा ठेवलेला असतो.